होजिचा लाते घरच्या घरी: आपल्या चहासारखा उकळायचा नाही, एवढं आधी लक्षात घ्या

टोकियोतल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी घरी होजिचा लाते, म्हणजे जपानच्या भाजलेल्या हिरव्या चहाचं दुधाळ पेय, केला तो असा: पातेल्यात अर्धं दूध, अर्धं पाणी, दोन चमचे होजिचा, साखर, किसलेलं आलं आणि वर येईपर्यंत दोन उकळ्या. म्हणजे आई सांगलीला चहा करते तस्साच. गाळून कपात ओतला तर रंग धड दुधाचा नाही, धड चहाचा नाही, आणि वास भिजलेल्या पुठ्ठ्याचा. नवऱ्याने एक घोट घेऊन विचारलं, "काढा आहे का?"

नंतर बरंच दूध आणि बरीच पानं वाया घालवल्यावर घोळ कुठे होता ते कळलं. आपला चहा उकळला की कडक होतो. होजिचा उकळला की नुसता मरगळतो. तो कडक हवा असेल तर पानं वाढवायची, उकळ्या नाही. आणि दूध त्याच्यापासून लांब, वेगळ्या भांड्यात तापवायचं. या एका गोष्टीवर माझे सहा महिने गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. जपानमध्ये नव्याने आलेल्यांसाठी मुख्यतः, पण शेवटी घरी पुण्या-सांगलीला करायचा झाला तर काय बदलायचं तेही सांगितलं आहे.

(इथले लोक 'लाते'ला 'राते' म्हणतात. कॅफेत 'होजिचा राते' म्हणालात तर पहिल्या झटक्यात कळतं.)

## १. होजिचा म्हणजे काय, आणि काय नाही

'होजिरु' म्हणजे भाजणं, 'चा' म्हणजे चहा. पानं आपल्या हिरव्या चहाचीच: तोडल्यावर वाफवलेली, वळलेली, वाळवलेली. ती पुन्हा साधारण २०० अंशांच्या आसपास भाजली की तपकिरी होतात आणि त्यांचा होजिचा होतो. ही पद्धत क्योतोत १९२०च्या दशकात रुळली असं मानतात. तिथल्या चहावाल्यांनी उरलेली जाड पानं आणि देठं कोळशावर भाजून विकायला सुरुवात केली. टाकाऊतून टिकाऊ, अगदी आपल्या गृहिणीच्या डोक्यातली कल्पना.

भाजल्यावर दोन गोष्टी होतात. हिरव्या चहाचा कडवटपणा आणि तुरटपणा बराच उतरतो. आणि भाजलेले शेंगदाणे, कॉफी, खरपूस भाकरी यांना जो वास येतो त्याच कुळातला वास तयार होतो. इथल्या जुन्या बाजारपेठांत चहाची दुकानं दारातच यंत्रावर होजिचा भाजतात. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मला वाटलं कुणीतरी दाण्याचं कूट करायला दाणे भाजतंय.

आता हेच दोन गुण लातेत अडचण करतात. आपली चहा पावडर मुळात दुधासाठीच घडवलेली असते: बारीक दाणा, झणझणीत तुरटपणा, दुधाने थोडा खाल्ला तरी भरपूर उरतो. होजिचात तुरटपणाच कमी, त्यामुळे दूध त्याला सहज गिळून टाकतं. नेहमीसारखा होजिचा करून त्यात दूध घातलं की तपकिरी झाक असलेलं कोमट दूध मिळतं, लाते नाही.

नवख्या माणसाची दुकानात हमखास गफलत होते ती नावांत:

- मुगिचा म्हणजे भाजलेल्या जवाचं पेय. पुडा तपकिरी, रंग तपकिरी, बहुतेक वेळा होजिचाच्या शेजारीच ठेवलेला. चहाची पानं यात अजिबात नसतात. उन्हाळ्यात गार प्यायला उत्तम, पण दुधात घालू नका.
- गेनमाइचा म्हणजे हिरवा चहा आणि भाजलेले तांदूळ. मुरमुऱ्यांसारखे फुटलेले दाणे दिसले की हाच.
- क्योबानचा क्योतोचा, न वळलेली मोठी पानं, पालापाचोळ्यासारखी. वास धुरकट, शेकोटीसारखा. क्योतोतले लोक लहान मुलांनाही देतात. मला फार आवडतो, पण दुधाबरोबर माझ्या तोंडाला राखेची चव येते.

## २. सामान

एका मोठ्या कपासाठी, म्हणजे साधारण २५० मिली:

- होजिचाची पानं ८ ग्रॅम, किंवा होजिचाची पूड ३ ग्रॅम
- पाणी: पानांसाठी १२० मिली, पुडीसाठी ४० मिली
- दूध १५० ते १८० मिली
- गोडासाठी साखर किंवा काळी साखर, चवीप्रमाणे
- बारीक जाळीची गाळणी
- दूध फेसाळायला काहीतरी (सातव्या पायरीत सगळे पर्याय आहेत)
- स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा

वजनकाट्याला हसू नका. होजिचाची पानं इतकी हलकी आणि फुगीर असतात की चमच्याचा अंदाज साफ चुकतो. आपल्या चहा पावडरीचा एक चमचा आणि याचा एक चमचा यांत वजनाची तुलनाच नाही. माझ्याकडच्या पानांचे ८ ग्रॅम म्हणजे पोह्याचे चार शिगोशीग चमचे होतात. पहिल्यांदा बघून "एवढी?" असं वाटेल. हो, एवढी.

थर्मामीटर असला तर बरा, नसला तर काही अडत नाही.

## ३. दुकानातून आणताना

सुपरमार्केटात चहाच्या रांगेत जाऊन "होजिचा वा दोको देस का?" विचारा, बोट दाखवतील. खरी मजा मात्र गल्लीतल्या चहाच्या दुकानात आहे. तिथे दोन शब्द कामाला येतात: आसाइरी म्हणजे हलकं भाजलेला, फुकाइरी म्हणजे गडद भाजलेला. लातेसाठी फुकाइरी मागा. हलका भाजलेला नुसता प्यायला नाजूक आणि सुंदर, पण दुधापुढे उभा राहत नाही.

तिसरा शब्द कुकी, म्हणजे देठ. नुसत्या देठांचाही होजिचा मिळतो. कानाझावाचा 'कागा बोचा' त्यातला प्रसिद्ध. देठांना अंगची गोडी असते. मी घरी अर्धा फुकाइरी पानांचा आणि अर्धा देठांचा असं मिश्रण करून ठेवते. कडकपणा पानांचा, गोडी देठांची.

फार महाग घेऊ नका. इतकं दूध घालायचं असताना त्यातले बारकावे कळत नाहीत. आणि एका वेळी १०० ग्रॅमच्या वर नको. होजिचाचं सगळं वैभव वासात, आणि पुडा उघडला की तो वास काही आठवड्यांत उडू लागतो.

सापळा: 'होजिचा लाते' असंच नाव असलेली तयार पाकिटं मिळतात, पाण्यात ढवळली की झालं अशी. त्यांच्या मागच्या यादीत बघा. जपानमध्ये घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात आणि अशा बहुतेक पाकिटांवर पहिली साखर असते, मग दुधाची भुकटी किंवा क्रीमर, आणि चहा बिचारा खाली कुठेतरी. आपल्याला हवी ती पूड, तिच्या यादीत चहाशिवाय काहीही नसतं. वाचता येत नसेल तर फोनचा कॅमेरा धरून भाषांतर करा. यादी एका ओळीच्या पुढे गेली तर पाकीट परत ठेवा.

दुधाचंही तसंच. डब्यासारखी दिसणारी प्रत्येक गोष्ट इथे दूध नसते. कमी स्निग्धांशाचं, पाणी-भुकटी मिसळलेलं, कॅल्शियम घातलेलं असं सगळं एकाच रांगेत, सारख्याच निळ्या-पांढऱ्या खोक्यांत असतं. कांजी, म्हणजे जपानी चित्रलिपी, वाचता न येणाऱ्यासाठी एक खूण आहे. छपरासारख्या दुमडीच्या कागदी खोक्याच्या वरच्या कडेला एका बाजूला अर्धचंद्राकार खाच असते. ती दृष्टिहीनांना हाताने ओळखता यावं म्हणून केलेली आहे, आणि ती फक्त निव्वळ दुधाच्या खोक्यावर असते. सगळेच उत्पादक करत नाहीत, पण खाच दिसली की निर्धास्त घ्या. मला ही गोष्ट दुसऱ्या वर्षी कळली. पहिलं वर्षभर मी जे आणत होते त्यावर साय का येत नाही याचा विचार करत बसले होते.

## ४. पान की पूड?

पूड झटपट होते, रंग दाट येतो, आणि वेगळ्या पाण्याची फारशी गरज नसल्याने लाते घट्ट लागतो. पण पुडीत अख्खं पान पोटात जातं. तळाशी गाळ बसतो आणि शेवटचा घोट मातकट लागतो.

पानांचा लाते स्वच्छ, वास जास्त मोकळा. वेळ पाच-सात मिनिटं.

सकाळी ऑफिसला पळायचं असेल तर पूड, रविवारी पानं. माझं मत विचाराल तर पानंच. पण पुडीवाल्यांशी मी भांडत नाही, घरातलाच एक आहे.

## ५. पानांचा अर्क काढणं

इथे 'चहा' हा शब्द विसरा, अर्क म्हणा. थोड्या पाण्यात जास्त पानं.

1. छोट्या भांड्यात किंवा किटलीत ८ ग्रॅम पानं घ्या. भांडं आधी गरम पाण्याने विसळून घेतलंत तर उत्तम, थंड भांडं पाण्याची उष्णता खातं.
2. खळखळ उकळतं पाणी १२० मिली वरून ओता. हिरव्या चहाला ७०-८० अंशांचं पाणी लागतं असं सगळे सांगतात. ते हिरव्या चहाचं. होजिचाला ते लागू नाही, याला पुरतं उकळतं पाणी लागतं, तेव्हाच वास उठतो.
3. झाकण ठेवा. नुसता प्यायला अर्धा ते एक मिनिट पुरतं. लातेसाठी तीन मिनिटं.
4. गाळा. पानं बरंच पाणी पितात, १२० मधले साधारण ९० मिली हाती येतील. शेवटचे थेंबही पडू द्या, सगळ्यात दाट तेच असतात. चमच्याने हलकं दाबलं तर चालतं, पिळू नका.

अर्काचा रंग काकवीसारखा हवा. कपाचा तळ दिसत असेल तर पानं कमी पडली. नुसता चाखलात तर "जरा जास्तच झालंय" असं वाटायला हवं.

सापळा: रंग फिका आला म्हणून तेच गॅसवर ठेवून उकळू नका. रंग येतो, पण वास खिडकीतून जातो आणि मागे लाकडाचं पाणी उरतं. पुढच्या वेळी पानं वाढवा.

दुसरा सापळा: पानं थेट दुधात टाकून भिजवणं. दुधातली प्रथिनं आणि चरबी पानाला वेढतात, पान नीट उमलत नाही. इथे काळ्या चहाचा दूधचहा करणारेसुद्धा पानं आधी थोड्या गरम पाण्यात उमलवून घेतात आणि मगच दूध घालतात.

## ६. पुडीचा असेल तर

ज्याने आयुष्यात एकदा पिठलं केलं आहे त्याला हे सांगायची गरज नाही. बेसन थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर काय होतं? तेच. आधी थोड्या पाण्यात कालवून घ्यायचं.

पूड चहाच्या गाळणीतून कपात चाळून घ्या (पाकिटातच तिच्या बारीक गोळ्या झालेल्या असतात). साखर घालणार असाल तर कोरडीच त्यात मिसळा, साखरेचे दाणे पुडीला सुटं ठेवतात. मग ८० अंशांच्या आसपासचं पाणी आधी एकच चमचा घालून पेस्ट करा, चकाकी आली की उरलेलं घालून फेटा. बांबूची फेटणी, 'चासेन', असेल तर वापरा, पण मुद्दाम विकत आणू नका. दुधासाठीचं बॅटरीचं फेटणं याला पुरतं.

पूड विरघळत नाही, तरंगते. त्यामुळे कप समोर ठेवून गप्पा मारत बसलात तर ती खाली जाणारच. मध्येमध्ये ढवळत राहा.

## ७. दूध: सगळी कमाई किंवा सगळं नुकसान इथेच

दूध वर येईपर्यंत तापवायचं ही आपली हाडीमाशी मुरलेली सवय. इथे ती सोडावी लागते. लातेचं दूध ६० ते ६५ अंश. या तापमानाला दुधाची अंगची गोडी जिभेला सगळ्यात छान जाणवते. ७०च्या पुढे गेलं की आटवलेल्या दुधाचा वास यायला लागतो. बासुंदीत तो हवाच असतो, पण होजिचाचा खरपूस वास त्याखाली दबतो. साय धरली की फेसही धड होत नाही.

थर्मामीटर नसेल तर: भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसायला लागले आणि वाफ उठली की उतरवा. कपाला हात लावून तीन सेकंदांवर ठेवता येत नसेल तर ६०च्या आसपास आलं.

मायक्रोवेव्हमध्ये २०० मिली फ्रिजमधलं दूध ६०० वॉटवर साधारण सव्वा मिनिट. इथल्या बऱ्याच मायक्रोवेव्हवर दुधासाठी वेगळं बटणच असतं, ते बरोबर या तापमानाच्या आसपास थांबतं. शोधा तुमच्या यंत्रावर, मी तीन वर्षं त्या बटणाकडे बघत होते आणि वाचत नव्हते.

आता फेस. वाफेचं यंत्र नसलेल्यांसाठी, माझ्या पसंतीच्या क्रमाने:

बॅटरीचं फेटणं. शंभर येनच्या दुकानांत मिळतं. दूध उंच भांड्यात, निम्म्याच्या खालीच भरा. आधी फेटण्याचं टोक पृष्ठभागाच्या जवळ धरून हवा आत घ्या, वीस सेकंद. मग टोक तळाशी नेऊन दहा सेकंद, म्हणजे मोठे फुगे मोडतात. शेवटी भांडं ओट्यावर दोनदा आपटा.

रवी. हो, ताकाची रवी. सासूबाईंनी सामानात टाकून दिलेली छोटी लाकडी रवी वर्षभर खणात पडून होती. उंच पातेल्यात गरम दूध घेऊन दोन्ही तळव्यांत रवी फिरवली की मिनिटभरात इतका सुरेख फेस येतो की बॅटरीवाल्याने लाजावं. फक्त ताकाची रवी आणि दुधाची रवी वेगळी ठेवा. कितीही धुतली तरी लाकडात आंबूस वास राहतो.

फ्रेंच प्रेस. कॉफीचा असेल तर गरम दूध एक तृतीयांश भरून दांडा पंधरा-वीस वेळा खालीवर करा.

झाकणाची बरणी. दूध गार असताना अर्धी बरणी भरून अर्धा मिनिट जोरात हलवा, मग झाकण काढून मायक्रोवेव्हमध्ये. उलटं करू नका. गरम दूध बंद बरणीत हलवलं की आतला दाब वाढतो आणि झाकण हातात येतं, दूध भिंतीवर.

दोन भांडी. दाक्षिणात्य कॉफीसारखं उंचावरून पाच-सहा वेळा ओतायचं. फेस मोठ्या फुग्यांचा येतो, टिकत नाही, पण काहीच नसेल तर हे आहेच. दूध लवकर गार होतं म्हणून थोडं जास्त तापवून घ्या.

ज्यांच्याकडे वाफेची नळी असलेलं कॉफी यंत्र आहे त्यांनी: फ्रिजमधलं थंड दूध, भांडं एक तृतीयांश ते अर्धं. नळीतलं पाणी आधी बाहेर सोडा. टोक पृष्ठभागाच्या जेमतेम खाली ठेवून वाफ सोडा, कागद फाटल्यासारखा 'चर्र चर्र' आवाज दोन-तीन सेकंद येऊ द्या. मग टोक जरा खोल, भांडं तिरकं, दूध भोवऱ्यासारखं फिरायला हवं. किंचाळल्यासारखा आवाज आला तर हवा आत जातच नाही. भांडं हाताला सोसवेना की थांबा. नळी लगेच ओल्या फडक्याने पुसा आणि पुन्हा वाफ सोडा, वाळलेलं दूध नंतर खरवडावं लागतं.

भारतातून दूध फेसाळायचं विजेचं यंत्र आणणार असाल तर आणू नका. इथे घरात १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. ते लागतं, कोमट होतं आणि बसून राहतं.

सोयादूध चालतं, पण त्याची कच्च्या वाटाण्यासारखी चव होजिचाला आवडते की नाही हा प्रत्येकाचा प्रश्न. 'चोसेइ तोन्यू' नावाचं सोयादूध थोडं गोडवलेलं असतं, तेच सोपं जातं. ओटचं दूध मात्र होजिचाला खरंच जमतं, दोन्हींना धान्याचा वास.

## ८. एकत्र करणं

कपात आधी गोड, त्यावर अर्क, ढवळा. मग चमच्याने फेस मागे अडवून दूध ओता आणि शेवटी फेस वरून सोडा. ९० मिली अर्काला १५० मिली दूध हे माझं प्रमाण. नवऱ्याला दूध कमी लागतं, आईला जास्त. पण पहिल्यांदा हे प्रमाण मोडू नका, नाहीतर बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळणार नाही.

गोडाला साधी साखर चालते, पण एकदा ओकिनावा बेटांची कोकुतो, म्हणजे काळी साखर, घालून बघा. उसाच्या रसाचीच, काळपट, खड्यांत मिळते. चावून बघितली तर म्हणाल हा तर गूळ! जवळजवळ तोच. तिचा पाक 'कुरोमित्सु' नावाने बाटलीत मिळतो, थंड लातेला तो बरा. आपला गूळही छान लागतो, फक्त गरम अर्कात विरघळवा, दुधात टाकून उकळू नका. दूध फाटलं की गुळाला दोष देत बसावं लागतं.

आलं? ताजं किसून दुधात नको. त्यातल्या रसाने कोमट दूध नासू शकतं. सुंठेची चिमूट अर्कात घाला. वेलची, जायफळ वगैरे मला विचारू नका. एवढं करून भाजल्याचा वास काढायचा आणि त्यावर वेलची घालायची तर आपला चहाच काय वाईट होता?

उन्हाळ्यात: उंच पेल्यात बर्फ, त्यावर गार दूध, वरून अर्क हळू. अर्कात पानं १० ग्रॅम करा, बर्फ वितळून पाणी होणारच असतं.

## ९. घरी भाजणं (ऐच्छिक, पण करून बघाच)

प्रत्येक जपानी घरात कुणीतरी भेट दिलेला, मुदत उलटून चाललेला हिरव्या चहाचा पुडा असतो. तुमच्याकडेही साठेलच. फेकू नका. इथे यासाठी 'होरोकु' नावाचं मातीचं दांडीचं भांडं मिळतं, पण लोखंडी तवा किंवा कढई पुरते. नॉनस्टिक रिकामं तापवायचं नाही, ते बाजूला ठेवा. आणि फोडणीची कढई तर नकोच नको. मोहरी-हिंगाचा होजिचा मी पिऊन बघितला आहे.

आधी पानं गाळणीत हलवून बारीक भुगा काढून टाका, तोच पहिल्यांदा जळतो आणि सगळ्याला करपट वास लावतो. तवा मध्यम आचेवर तापला की १५ ग्रॅम पानं, आच मंद, आणि हात थांबवायचा नाही. रवा भाजतो तसं. दोन मिनिटांत हिरवा वास जाऊन गोड वास येतो, मग पांढरट धूर उठतो, देठं फुगतात. रंग तुम्हाला हवा त्याच्या एक पायरी आधी कागदावर काढा. तव्यात ठेवलात तर तव्याच्या उष्णतेनेच करपतो. एकूण चार-पाच मिनिटं.

इथल्या गॅसची एक गंमत. २००८नंतरच्या घरगुती शेगड्यांच्या प्रत्येक बर्नरच्या मध्यभागी तापमान ओळखणारं बटणासारखं काहीतरी असतं. रिकामं भांडं फार तापलं की ते आच आपोआप बारीक करतं, कधी विझवतंसुद्धा. शेगडी बिघडली म्हणून मी घरमालकाला फोन करणार होते. बऱ्याच शेगड्यांवर 'आबुरी' किंवा उच्च तापमानासाठी एक बटण असतं, ते काही सेकंद दाबून ठेवलं की मर्यादा तात्पुरती वाढते. पण खरं तर चहाला इतकी आच लागतच नाही. आच आपोआप कमी होत असेल तर तुमचा तवा जास्त तापला आहे असं समजा. पंखा चालू ठेवा, छतावरचा धोक्याचा भोंगा धुराला ओळखतो.

विजेच्या चपट्या (इंडक्शन) शेगडीवर मातीचं भांडं चालत नाही, आणि तवा उचलून हलवला की ती बंद पडते. उलथन्याने हलवा.

विकतचा होजिचा जुना होऊन मलूल झाला असेल तर तोही कोरड्या तव्यात मिनिटभर गरम करा. पुष्कळसा जीव परत येतो. नंतर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, मसाल्यांच्या खणापासून दूर. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढताना दमट होतो आणि शेजारच्या लसणीचा वास घेतो.

## १०. रात्री प्यावा का?

"होजिचात कॅफिन नसतं" असं इथले आणि तिथले दोन्हीकडचे लोक ठामपणे सांगतात. जपान सरकारच्या अन्नघटकांच्या सारणीत होजिचाला १०० मिलीत २० मिलिग्रॅम कॅफिन दिलं आहे, सेंचाला, म्हणजे इथल्या नेहमीच्या हिरव्या चहालाही, तेवढंच. कॉफीला ६०. आणि ते २० कसं मोजलं? १५ ग्रॅम पानं, ६५० मिली पाणी, अर्धा मिनिट. आता आपण ८ ग्रॅम पानं तीन मिनिटं ठेवतो. ढोबळ हिशेब केला तरी कपात ७० मिलिग्रॅमच्या खाली येत नाही. म्हणजे नुसता होजिचा सौम्य आहे हे खरं, पण त्याचा लाते कॉफीच्या छोट्या कपाच्या जवळ जातो. मी रात्री नऊला पिऊन दोनपर्यंत छताकडे बघत होते आणि दोष दुसऱ्याच कशाला तरी देत होते. संध्याकाळसाठी देठांचा घ्या, त्यात कमी असतं. गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारताना "जपानी भाजलेला चहा" एवढंच सांगू नका, किती पानं घालता तेही सांगा.

## ११. घरी, पुण्या-सांगलीला करायचा झाला तर

सुट्टीत आईसाठी केला तेव्हा तीन गोष्टी बदलाव्या लागल्या.

दूध. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहाच्या वर, इथल्या दुधात साडेतीनच्या आसपास. म्हशीच्या दुधात होजिचा बुडून दिसेनासा होतो. गाईचं किंवा टोण्ड घ्या. आपल्याकडे दूध आणल्या आणल्या उकळतात, ते मोडायला आई तयार होणार नाही, आणि गरजही नाही. उकळून, गार करून, साय काढून फ्रिजमध्ये ठेवलेलं दूध पुन्हा ६० अंशांपर्यंत तापवलं तरी फेस येतो.

पाणी. टोकियोचं नळाचं पाणी हलकं आहे. बोअरच्या जड पाण्यात अर्क गढूळ काळपट आला आणि वास अर्ध्यावर आला. पिण्याचं गाळलेलं पाणी वापरा.

पानं. संपल्यावर आईने वाण्याकडचा हिरवा चहा आणून माझ्या पद्धतीने कढईत भाजला आणि फोनवर फोटो पाठवला. होजिचा तो नव्हे, पण दोघांचं नातं लगेच कळतं. लिंबू, मध, तुळस घातलेल्या पिशव्या फोडून मात्र भाजू नका, साधी सुटी पानंच घ्या.

वापरलेली पानं सुकवून चपलांच्या कपाटात वाटीत ठेवा, वास ओढून घेतात. आणि दुधाचं भांडं आधी गार पाण्याने धुवा, मग गरम. गरम पाणी आधी ओतलं की दूध तळाला चिकटतं आणि तारेच्या घासणीशिवाय निघत नाही.